टाळ्या पुरे, सही कुणाची ते सांगा

ऑस्कर किंवा एमी पुरस्कारांचा निकाल लागला की तासाभरात आपल्या ग्रुपवर पोस्टर फिरू लागतं. झगमगत्या पोशाखातली एक कृष्णवर्णीय अभिनेत्री, हातात सोनेरी पुतळा आणि खाली ठळक अक्षरांत ओळ : 'हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री'. त्याखाली टाळ्या, हृदयं आणि माशाअल्लाह. हे पोस्टर आपल्याला का भावतं ते मला कळतं. ज्यांना दाराबाहेर उभं केलं जातं त्यांच्यातलं कुणी आत गेलं की बरं वाटतं. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे मुसलमान तरुणांना वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईत एकदा भाड्याचं घर शोधलेलं असलं तरी पुरे.

तरीही मला या पोस्टरचा राग येतो. त्या बाईंचा नाही, 'पहिली' या शब्दाचा. 'पहिली' म्हटलं की कौतुक तिचं झालं असं वाटतं, पण त्यात सुटका संस्थेची होते. इतकी वर्षं दार कुणी बंद ठेवलं, चावी कुणाच्या खिशात होती आणि ही आत गेल्यावर दार पुन्हा लावून घेतलं का, हे तीन प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. माझं म्हणणं सरळ आहे. पडद्यावरच्या कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर स्त्रियांचा सन्मान करायचा असेल तर नुसते चेहरे मोजू नका. पटकथेवर, करारावर आणि मालकीच्या कागदावर सही कुणाची आहे ते बघा.

भिंतीलगतचं टेबल

सुरुवात सर्वांत जुन्या 'पहिली'पासून करू. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसेडर हॉटेलात ऑस्कर सोहळा झाला. 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमी या दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती, स्त्री-पुरुष दोघांतही. पण त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना त्यांच्यासाठी खास परवानगी काढावी लागली. परवानगी मिळाली, पण चित्रपटातल्या बाकी कलाकारांबरोबर जागा मिळाली नाही. भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलाशी त्यांना बसवलं. त्याआधी डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ थाटामाटात झाला, तेव्हा तर जॉर्जिया राज्यातल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना जाताच आलं नाही. स्वतःच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला!

मॅकडॅनिएल यांचे आईवडील गुलामगिरीतून आलेले. मुलीने पडद्यावर गुलाम बाई रंगवली आणि पुतळा मिळवला. पुढे काय झालं? पुन्हा मोलकरणीच्याच भूमिका. १९५२ मध्ये त्या वारल्या, तेव्हा हॉलिवूडच्या ज्या दफनभूमीत आपल्याला पुरावं अशी त्यांची इच्छा होती तिथे फक्त गोऱ्यांना जागा होती. त्यांनी आपलं ऑस्कर हॉवर्ड विद्यापीठाला दिलं होतं, तेही कधीतरी गहाळ झालं. २०२३ मध्ये अकादमीने त्याच्या जागी नवं दिलं, त्याचाही समारंभ झाला आणि त्याच्याही बातम्या झाल्या. ८३ वर्षांत संस्थेने एकाच बाईचं कौतुक दोनदा केलं. मधल्या काळाचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही.

तो हिशेब असा. मॅकडॅनिएल यांच्यानंतर अभिनयाचं ऑस्कर मिळालेल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, सोहळा १९९१चा. मध्ये ५१ वर्षं गेली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मुख्य पुरस्कार हॅली बेरी यांना २००२ मध्ये मिळाला. दार आज उघडलं, असं त्या मंचावर रडत म्हणाल्या होत्या. २०२५च्या सोहळ्यापर्यंत त्या दारातून दुसरी कृष्णवर्णीय अभिनेत्री आत गेलेली नाही, आणि याचं दुःख बेरी यांनी पुढे स्वतःच बोलून दाखवलं आहे. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी तर तोवर एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला साधं नामांकनसुद्धा मिळालेलं नाही. ज्या खुर्चीतून कॅमेरा कुठे लावायचा ते ठरतं, तिथे अजून 'पहिली'सुद्धा नाही. त्याचं पोस्टर कुणी काढत नाही.

भूमिका कुठल्या होत्या तेही बघा. १९४० मध्ये गुलाम दाई. २०१२ मध्ये ऑक्टाव्हिया स्पेन्सर यांना 'द हेल्प'साठी, भूमिका मोलकरणीची. २०१४ मध्ये लुपिटा न्याँग'ओ यांना '१२ इयर्स अ स्लेव्ह'साठी, भूमिका गुलाम मुलीची. या तिघींचा अभिनय मी पुन्हापुन्हा बघेन. गुलामगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात, याबद्दलही वाद नाही. प्रश्न गोष्ट कुठून सांगितली जाते याचा आहे. 'द हेल्प'मध्ये मोलकरणींचं दुःख एक गोरी मुलगी पुस्तकात लिहिते आणि चित्रपट तिच्या धाडसाभोवती फिरतो. त्यात मुख्य मोलकरणीची भूमिका केलेल्या व्हायोला डेव्हिस यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा चित्रपट केल्याची आपल्याला खंत वाटते, कारण त्यात त्या बायकांचा आवाजच ऐकू आला नाही. भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळालेली अभिनेत्री हे म्हणते, आणि आपण मात्र 'प्रेरणादायी चित्रपट' म्हणून त्याची शिफारस करत राहतो.

प्रकाश कुणाच्या मापाने मोजला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोकणातल्या कॉलेजातून डिग्री घेतली आणि गेली बारा वर्षं पुण्यात कोड लिहिते आहे. त्यामुळे पडद्यावरच्या चेहऱ्यापेक्षा पडद्यामागचं यंत्र मला जास्त दिसतं. 'कॅमेरा सगळ्यांना सारखाच बघतो' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खोटं आहे.

रंगीत फिल्म धुताना रंग बरोबर आलेत की नाही हे तपासायला लॅबला एक नमुना लागायचा. कोडॅक कंपनी असा नमुना १९५०च्या दशकापासून लॅबना पाठवत असे. त्या फोटोत एक गोरी बाई असायची. सुरुवातीच्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची त्वचा छान दिसली की रंग बरोबर, असा नियम. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे बारकावे त्या फिल्मवर नीट उमटत नसत. शाळेच्या ग्रुप फोटोत गोऱ्या मुलांचे चेहरे स्वच्छ यायचे आणि काळ्या मुलांचे डोळे आणि दात तेवढे दिसायचे. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी हा इतिहास खणून काढला. त्यातून कळतं की गडद छटा सुधारण्यासाठी कंपनीवर खरा दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांकडून, कारण त्यांच्या जाहिरातींत माल नीट दिसत नव्हता. माणसांच्या आधी चॉकलेटची तक्रार ऐकली गेली.

हे जुनं झालं म्हणाल, तर माझ्या क्षेत्रातलं सांगते. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. बुओलाम्विनी एमआयटीत शिकत असताना एका प्रोग्रामला त्यांचा चेहरा दिसेचना. त्यांनी पांढरा मुखवटा घातला, तेव्हा दिसला. या लढ्यावर शालिनी कंटय्या या भारतीय वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शिकेने 'कोडेड बायस' हा माहितीपट केला, तो २०२० मध्ये आला. इंजिनिअरिंगला असलेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने तो बघावा असं मला वाटतं. शर्लीचं कार्ड कागदाचं होतं, आता त्याची डेटासेट झाली आहे एवढाच फरक.

म्हणून 'इनसिक्युअर' ही मालिका मला महत्त्वाची वाटते. इसा रे यांनी २०११ मध्ये यूट्यूबवर स्वतःची वेबमालिका सुरू केली. त्यातून पुढे २०१६ ते २०२१ या काळात एचबीओवर 'इनसिक्युअर' आली. दोन कृष्णवर्णीय मैत्रिणींचं नोकरी, प्रेम आणि भाडं यांत अडकलेलं साधं आयुष्य त्यात आहे. मालिकेच्या छायालेखिका एव्हा बर्कोफ्स्की यांनी काळी त्वचा कशी उजळायची यावर मुद्दाम काम केलं. थेट झगझगीत दिवा मारण्याऐवजी प्रकाश परावर्तित करून चेहऱ्यावर आणायचा, त्वचेवर मॉइश्चरायझर लावून ती चमक कॅमेऱ्यात पकडायची. रात्रीच्या दृश्यातही चेहरे तजेलदार दिसतात. यात जादू काही नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या मापाने दिवा लावला, इतकंच.

केसांचंही तेच. कित्येक कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी सांगितलं आहे की सेटवर त्यांचे केस विंचरायचे कसे हे माहीत असलेलं कुणी नसायचं. मग घरून केस करून, पर्समध्ये स्वतःचा मेकअप घेऊन त्या कामाला जायच्या. पगार मात्र सेटवरच्या मेकअपवाल्यांनाच. केशभूषा आणि रंगभूषेचं ऑस्कर कृष्णवर्णीय स्त्रियांना पहिल्यांदा मिळालं ते २०२१ मध्ये, मिया नील आणि जमिका विल्सन यांना.

चेहरा दाखवायचा आणि काम द्यायचं नाही, हा खेळ सिनेमापुरता नाही. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे महिला दिनाला माझा फोटो काढला. डोक्यावर दुपट्टा, समोर लॅपटॉप, हसरा चेहरा. तो कंपनीच्या नोकरभरतीच्या पानावर तीन वर्षं झळकला. त्याच तीन वर्षांत प्रणालीचा आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत मला घ्या, असं मी चार वेळा लेखी मागितलं. उत्तर दरवेळी एकच : पुढच्या तिमाहीत बघू. फोटोसाठी मी तयार होते, बैठकीसाठी माझी तयारी कमी पडत होती म्हणे. तुमच्यातल्या कितीजणींना हे ओळखीचं वाटेल, मला माहीत आहे.

अर्ध्या टक्क्याची गोष्ट

सही म्हणजे काय, हे मिकेला कोल यांच्याकडून शिकावं. घाना देशातून आलेल्या कुटुंबातल्या या लंडनच्या लेखिका-अभिनेत्री. स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या अनुभवातून त्यांनी 'आय मे डिस्ट्रॉय यू' लिहिली. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने त्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले. कोल यांनी विचारलं, कॉपीराइटमध्ये माझा वाटा किती? काहीच नाही. त्यांनी पाच टक्के मागितले आणि उतरत उतरत अर्ध्या टक्क्यावर आल्या. तोही मिळाला नाही. त्यांनी दहा लाख डॉलर नाकारले आणि बीबीसीकडे गेल्या. तिथे मालिकेवर पूर्ण ताबा आणि हक्क मिळाले. २०२० मध्ये मालिका आली, २०२१ मध्ये लेखनाचं एमी मिळालं, आणि अर्थातच 'या विभागात हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री' असं पोस्टर आलं. पुतळा त्यात होता. अर्धा टक्का नव्हता. मला विचाराल तर तो अर्धा टक्का पुतळ्यापेक्षा मोठा आहे, कारण आपल्या दुःखाची मालकी दुसऱ्याला विकायला ही बाई तयार झाली नाही.

अशी हिंमत सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. मोनीक यांनी २०१० मध्ये ऑस्कर मिळवलं होतं. पुढे विनोदी कार्यक्रमासाठी आपल्याला पाच लाख डॉलर देऊ केले आणि इतर कलाकारांना त्याच्या कितीतरी पट, असं म्हणत त्यांनी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर भेदभावाचा दावा केला. २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. ऑस्कर घरात असूनही हे.

दिग्दर्शिकांचं तर विचारूच नका. मार्टिनिक बेटावरच्या यूझान पाल्सी यांनी १९८९ मध्ये एमजीएमसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषावर 'अ ड्राय व्हाइट सीझन' केला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी चित्रपट करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. मार्लन ब्रँडोसारखा नट त्यांच्यासाठी पडद्यावर परतला. तरी पुढे स्टुडिओंकडून एकच पालुपद : काळी माणसं विकली जात नाहीत, बायका विकल्या जात नाहीत. ते ऐकून दमल्या आणि बाजूला झाल्या, असं त्यांनी २०२२ मध्ये सांगितलं, तेही मानद ऑस्कर घेताना. ज्युली डॅश यांचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' १९९१चा. अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीचा तो पहिला कथापट. दक्षिणेकडच्या बेटांवर राहणाऱ्या, आफ्रिकेच्या आठवणी भाषेत आणि स्वयंपाकात जपणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं डॅश यांना चित्रपटगृहासाठी दुसरा कथापट मिळाला नाही, टीव्हीच्या कामावर राहावं लागलं. २०१६ मध्ये बियॉन्सेच्या 'लेमोनेड'मध्ये त्या चित्रपटाची छाया दिसली, तेव्हा कुठे तो पुन्हा चित्रपटगृहात आला. 'पहिली' झाल्यावर 'दुसरं काम' मिळालं का, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

'गुणवत्ता असेल तर पुढे येतीलच'

हा आक्षेप आपल्याकडेही आवडीने घेतला जातो, आणि घेणारे बहुतेक वेळा ज्यांना आयती संधी मिळाली तेच असतात. व्हायोला डेव्हिस यांनी २०१५ मध्ये नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी घेताना याचं उत्तर दिलं. ज्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत त्यांसाठी पुरस्कार मिळणार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या भाषणात आभार होते ते लिहिणाऱ्यांचे. शोंडा ऱ्हाइम्स यांच्या कंपनीने ती मालिका बनवली होती. याच ऱ्हाइम्स यांनी २०१२ मध्ये 'स्कँडल' आणली, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांवर जवळजवळ चार दशकांनी एका नाट्यमय मालिकेच्या केंद्रस्थानी कृष्णवर्णीय स्त्री आली. चार दशकं गुणवत्ता काय झोपली होती?

दुसरा आक्षेप : त्या अमेरिकेच्या, आपला काय संबंध? संबंध आहे. अमेरिकेतल्या मुसलमानांत साधारण पाचवा हिस्सा कृष्णवर्णीय आहे. 'मुसलमान' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे त्यांचा चेहरा येत नसेल तर तोही एक शर्ली कार्डचाच प्रकार झाला. आणि पडद्यावर मुसलमान आहेत तरी किती? कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने २०१७ ते २०१९ मधले २०० लोकप्रिय इंग्रजी चित्रपट तपासले. बोलणारी पात्रं ८,९६५. त्यांत मुसलमान १.६ टक्के.

मग आपल्या स्त्रिया लिहितात तेव्हा काय होतं ते बघा. 'वी आर लेडी पार्ट्स' ही २०२१ची ब्रिटिश मालिका निदा मंझूर यांनी लिहिली आणि दिग्दर्शित केली. पाच मुसलमान मुलींचा पंक बँड. एक हलाल मटणाच्या दुकानात काम करते, एक टॅक्सी चालवते, एक सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते, एक नकाब घालून बँडचं व्यवस्थापन बघते आणि एक कृष्णवर्णीय आई आहे, जी चित्रकथा काढते. नमाज आहे, भांडणं आहेत, लग्नाची काळजी आहे, भरपूर हसू आहे. कुणी कुणाला 'सोडवायला' येत नाही. २०२२च्या 'मिस मार्व्हल'च्या प्रमुख लेखिका बिशा अली. त्यात नायिकेची मैत्रीण मशिदीच्या समितीची निवडणूक लढवते, कारण बायकांच्या बाजूची दुरवस्था कुणी दुरुस्त करत नाही. हा तपशील बाहेरच्या कुठल्याही लेखकाला सुचला नसता. मशिदीत बायकांच्या बाजूला बसलेल्या बाईलाच तो माहीत असतो.

उलट उदाहरणही घ्या. ऱ्हाइम्स यांच्याच कंपनीच्या 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या पर्वात भारतातून आलेल्या दोन सावळ्या शर्मा बहिणी आहेत. धाकटीला मराठी येतं, असंही सांगितलं जातं. आपल्याकडे त्या एका शब्दावर केवढा आनंद झाला! मलाही झाला. पण त्याच घरात वडील 'अप्पा', थोरली 'दीदी' आणि धाकटी 'बोन'. तमिळ, हिंदी, बंगाली, सगळं एका पातेल्यात. कंपनी कृष्णवर्णीय स्त्रीची असली म्हणजे सगळ्या गौरेतर स्त्रियांची गोष्ट आपोआप बरोबर येते असं नाही. जिची गोष्ट आहे ती लिहायला बसलेली हवी.

आणि एक चित्रपट कोकणातल्या वाचकांसाठी खास. सेनेगली वंशाच्या फ्रेंच दिग्दर्शिका माती दियोप यांचा 'अटलांटिक्स'. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-दिग्दर्शिका, साल २०१९, आणि महोत्सव तोवर ७२वा. चित्रपटाला ग्राँ प्री मिळालं. डाकार शहरात उंच इमारत बांधणाऱ्या मजुरांचा पगार महिनोन् महिने थकतो, पोरं होडीतून स्पेनला निघतात आणि समुद्रात नाहीशी होतात. मागे राहिलेल्या मुलींच्या अंगात त्यांचे आत्मे येतात आणि रात्री त्या मालकाच्या दारात जाऊन थकलेली मजुरी मागतात. समाज मुसलमान, भाषा वोलोफ. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतले पुरुष आखातात राबले, ज्यांच्या बायकांनी पत्रं आणि मनीऑर्डरी मोजत वर्षं काढली, त्या घरांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आपल्या घरातलं शर्ली कार्ड

इतकं बोलल्यावर घरातलंही बोलायला हवं. आपण जुम्म्याच्या बयानात हजरत बिलाल यांचं नाव अभिमानाने घेतो, इस्लाममध्ये रंगभेद नाही असं छाती फुगवून सांगतो. संध्याकाळी त्याच घरात बायोडाटा येतो : मुलगी गोरी, सडपातळ. मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींचा किल्ला दाखवायला पाहुण्यांना नेतो, आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरने वसवलेल्या शहराचा अभिमान बाळगतो आणि सावळ्या लेकीला लग्नाआधी सहा महिने बेसन लावायला सांगतो. 'फेअर अँड लव्हली' २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली. ट्यूब तीच, कपाट तेच. अशा घरात बसून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचं पोस्टर फॉरवर्ड करणं फुकट आहे. भाचीचा फोटो टाकताना त्वचा उजळ करणारं फिल्टर आधी काढा.

आणि सहीचा वारसा आपल्याकडेही आहे, तो आपणच विसरलो. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका फातमा बेगम. मुंबईत १९२६ मध्ये त्यांचा 'बुलबुल-ए-परिस्तान' आला आणि लवकरच त्यांनी स्वतःच्या नावाची चित्रपट कंपनी काढली. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही त्यांची मुलगी. झुबेदाचं नाव प्रश्नमंजूषेत असतं, आईचं क्वचित. 'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत उरलेली नाही.

आता कामाचं. पुढच्या वेळी पोस्टर आलं की ते पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी शोधा आणि त्याखाली लिहा : गोष्ट कुणी लिहिली, हक्क कुणाकडे आहेत, आणि या बाईला पुढचं काम मिळालं का. दहा मिनिटं लागतील. महिन्याला एक चित्रपट निवडा, मित्रमैत्रिणी आणि जमलं तर अम्मी-अब्बूंबरोबर बघा. सुरुवात 'अटलांटिक्स'पासून करा. तुमच्यातले जे शॉर्ट फिल्म किंवा यूट्यूब करतात त्यांनी दिवा बहिणीच्या रंगाच्या मापाने लावायला शिका. आणि जे लिहितात त्यांनी करार वाचायला शिका. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी त्यासाठी भांडून घेतलं आहे. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, तिथे आपली पटकथा नोंदवता येते. 'नवीन आहेस, नाव मिळतंय ना' असं म्हणत कुणी कोरा करार पुढे केला तर त्याला मिकेला कोलचा अर्धा टक्का आठवून विचारा : माझा वाटा किती? उत्तर कागदावर मागा.